सॉफ्टबॉलच्या कॅचरला बेसबॉलचे पिचिंग झेलायला शिकवताना नेमके काय बदलावे?

प्रश्न : तालुका क्रीडाशिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी विदर्भातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आमच्या मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ गेली काही वर्षे जिल्हा आणि विभाग पातळीवर नियमित खेळतो आहे. यंदा त्याच मुलींमधून बेसबॉलचाही संघ उतरवावा, असे मुख्याध्यापकांशी बोलून ठरले आहे. मैदानातल्या इतर जागांवरच्या मुली लहान चेंडूशी आणि वाढलेल्या अंतरांशी हळूहळू जुळवून घेत आहेत. अडचण आहे ती कॅचरची, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरने टाकलेला चेंडू झेलणाऱ्या मुलीची.

ही मुलगी सॉफ्टबॉलमध्ये आमच्या विभागातल्या चांगल्या कॅचरपैकी एक आहे. विंडमिल पद्धतीने (हात पूर्ण वर्तुळात फिरवून खालून) येणारे वेगवान चेंडू ती सहज घेते आणि तिच्या हातून पासबॉल (झेलण्याजोगा चेंडू सुटून मागे जाणे) क्वचितच होतो. परंतु शाळेतल्या मोठ्या गटातील एका मुलाला तिच्यासमोर बेसबॉलचे पिचिंग करायला लावले, तेव्हा गुडघ्याच्या उंचीवर येणारे बरेच चेंडू तिच्या ग्लोव्हच्या खालून निसटले, काही तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर आदळून बाहेर पडले, आणि दुसऱ्या बेसकडे केलेल्या तिच्या फेकी दोन-दोन टप्पे खाऊन पोहोचल्या. त्यामुळे ती थोडी खचली आहे.

एका सहकाऱ्यांच्या मते बेसबॉलचा चेंडू जास्त वेगाने येतो, त्यामुळे हा केवळ सरावाचा प्रश्न आहे. मला हे उत्तर पटत नाही, कारण तिच्या हातून सुटलेले चेंडू मुळात फार वेगवान नव्हतेच. ते मध्यम गतीचे आणि खाली येणारे होते. म्हणून दोन गोष्टी विचारते. दोन्ही खेळांतले पिचिंग झेलण्यात मूलभूत फरक कोणता? आणि बेसबॉलच्या सवयी लावताना तिचा सॉफ्टबॉल बिघडू नये यासाठी काय करावे?

उत्तर १ : प्लेटमागून

मॅडम, सुटलेले चेंडू वेगवान नव्हते हे तुम्ही टिपलेत, ते फार महत्त्वाचे आहे. वेगाचा गैरसमज आधी दूर करू. बेसबॉलमध्ये पिचरची पाटी होम प्लेटपासून (बॅटरशेजारच्या पाटीपासून) ६० फूट ६ इंच, म्हणजे सुमारे १८.४४ मीटर दूर असते. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये हेच अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर असते, आणि लहान वयोगटांत ते आणखी कमी ठेवले जाते. पिचर पुढे पाऊल टाकून चेंडू सोडतो, त्यामुळे प्रत्यक्ष प्रवास दोन्हीकडे पाच-सहा फुटांनी घटतो. ताशी ६० मैलांचा सॉफ्टबॉल आणि ताशी ९० मैलांचा बेसबॉल यांना प्लेटपर्यंत यायला जवळजवळ सारखाच, म्हणजे ०.४ सेकंदाच्या किंचित वर वेळ लागतो. अमेरिकेच्या मोनिका अ‍ॅबटने २०१२ मध्ये ताशी ७७ मैलांचा चेंडू टाकला होता. त्या वेगाने समोरच्या कॅचरला सेकंदाचा जेमतेम एक तृतीयांश मिळतो. म्हणजे तुमची मुलगी आजवर निवांत खेळत होती आणि आता तिची खरी परीक्षा सुरू झाली, असे समजण्याचे काहीच कारण नाही.

फरक चेंडू कुठून निघतो आणि कोणत्या उताराने येतो, यातून पडतो. विंडमिलमध्ये चेंडू पिचरच्या मांडीजवळून, जमिनीपासून साधारण दोन-अडीच फुटांवरून सुटतो आणि सपाट मैदानावरून येतो. त्याचा मार्ग जवळजवळ आडवा असतो, आणि छातीच्या उंचीवर जाणारा चेंडू तर सुरुवातीला वरच चढत असतो. बेसबॉलमध्ये नियमाप्रमाणे पिचर दहा इंच उंचीच्या माउंडवर (मातीच्या उंचवट्यावर) उभा असतो आणि त्याचा हात खांद्याच्या वरून येतो, त्यामुळे प्रौढ पिचरच्या हातून चेंडू सुमारे सहा फुटांवरून सुटतो आणि सगळा मार्ग खालीच उतरत येतो. आपल्या शालेय मैदानांवर माउंड सहसा नसतो, तरी हात वरून येतो म्हणून उतार राहतोच.

आता हे त्या मुलीच्या ग्लोव्हला लावून पाहा. सॉफ्टबॉलमध्ये तिने ग्लोव्ह छातीच्या आसपास, बोटे वर करून धरायची आणि चेंडूवर वरून खाली यायची सवय लावून घेतली असणार. ही सवय सॉफ्टबॉलसाठी अगदी योग्य आहे, कारण तिथे धोका वरच्या चेंडूचा असतो. राइज बॉल (वर चढल्यासारखा दिसणारा चेंडू) ग्लोव्हच्या वरच्या कडेवरून निसटला की थेट मागे जातो. बेसबॉलमध्ये हीच हालचाल उलटी पडते. ग्लोव्ह वरून खाली येतो, चेंडूही वरून खालीच येत असतो, आणि चेंडू आधी पोहोचतो. म्हणून खालचा चेंडू ग्लोव्हच्या खालून जातो किंवा मनगटाकडच्या गादीवर बसतो. तिने ग्लोव्ह आधीच गुडघ्याच्या खाली, जवळजवळ जमिनीला टेकेल असा न्यावा आणि तिथून वर येत चेंडूला भेटावे. वर जाणारा हात वेळेत पोहोचतो, आणि पंचाच्या डोळ्यांसमोर चेंडू स्ट्राइकच्या पट्ट्यात (ज्या उंचीत आलेला चेंडू स्ट्राइक, म्हणजे बॅटरविरुद्ध, धरला जातो) वर सरकताना दिसतो, हा वेगळा फायदा.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. विंडमिलमध्ये हात पूर्ण वर्तुळ फिरून येतो आणि चेंडू शेवटच्या क्षणी मांडीच्या आडून बाहेर पडतो, त्यामुळे सॉफ्टबॉलची चांगली कॅचर पिचरच्या कमरेकडे नजर लावून बसते. बेसबॉलमध्ये हीच नजर ठेवली, तर चेंडू तिला बऱ्याच उशिरा दिसतो. नजर पिचरच्या टोपीच्या बाजूला, हात जिथून पुढे येणार त्या चौकोनाकडे हवी. हे सांगायला सोपे असले, तरी तुमची मुलगी नेमकी कुठे पाहते हे तिलाच विचारून घ्या. बहुतेक खेळाडूंना आपण कुठे पाहतो याची जाणीवच नसते.

नजरेच्या सवयी किती खोल रुजलेल्या असतात, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात जेनी फिंच या सॉफ्टबॉल पिचरने मेजर लीगच्या (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या) अल्बर्ट पुहोल्स, ब्रायन जाइल्स आणि माइक पियाझा यांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. यांपैकी पियाझा तर स्वतः नामांकित कॅचर. वरून उतरणाऱ्या चेंडूवर ज्यांचे डोळे वर्षानुवर्षे घडले होते, त्यांना खालून येणारा चेंडू वाचता आला नाही. तुमच्या मुलीचे आज जे होते आहे ते हेच आहे, फक्त उलट दिशेने.

शेवटी कर्व्हबॉल, म्हणजे फिरकीमुळे वळत खाली पडणारा चेंडू. सॉफ्टबॉलमध्ये वर दिसणारा चेंडू बहुतेक वेळा वरच राहतो, म्हणून कॅचर बैठकीतून थोडी उठते. बेसबॉलचा कर्व्ह डोळ्यांच्या उंचीवरून निघाल्यासारखा दिसतो आणि गुडघ्याशी येऊन पडतो. ती उठली की संपलेच. सुरुवातीचे काही आठवडे तिला एकच सूचना द्या: चेंडू कितीही उंच दिसला, तरी अर्ध्या वाटेवर येईपर्यंत बैठक सोडायची नाही.

उत्तर २ : जुना शॉर्टस्टॉप

वरील उत्तर उत्तम आहे, पण त्यातून दोन्ही खेळांत कॅचरवर सारखाच ताण असतो, असा समज होऊ नये. झेलण्यापुरते ते मान्य केले, तरी रनर (धावणारा खेळाडू) बेसवर आला की दोन्ही खेळ पार वेगळे होतात, आणि माझ्या मते सॉफ्टबॉलच्या कॅचरवरचा भार जास्त असतो.

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, त्यामुळे अनेकांना तिथे स्टील (पिचिंगच्या दरम्यान पळून पुढचा बेस गाठणे) रोखणे सोपे वाटते. पण बेसमधले अंतर फक्त ६० फूट असते आणि चपळ मुलगी ते तीन सेकंदांच्या आसपास कापते. त्यातला अर्धा सेकंद चेंडू कॅचरपर्यंत येण्यातच जातो. उरलेल्या अडीच सेकंदांत चेंडू घेणे, ग्लोव्हमधून काढणे, फेकणे आणि बेसवरच्या खेळाडूने टॅग करणे (चेंडू रनरला लावून बाद करणे) एवढे सगळे बसवावे लागते. पिचरला यात काहीच मदत करता येत नाही, कारण रनर अधिकृतपणे बेसवरच उभा असतो. बेसबॉलमध्ये रनर आधीच दहा-बारा फूट पुढे सरकलेला असतो आणि पिचरच्या पहिल्या हालचालीवर धावत सुटतो. तिथे ९० फुटांचे अंतर, पिचरची हालचाल, त्याने पहिल्या बेसकडे फेक करून रनरवर आणलेला दबाव आणि कॅचरची फेक असा हिशेब चालतो. मोठ्या स्तरावर पिचर साधारण १.३ ते १.४ सेकंद घेतो आणि कॅचर सुमारे दोन सेकंद. यात कुणी किती वेळ दवडला, हे घड्याळ लावून सांगता येते. सॉफ्टबॉलमध्ये मात्र दोष नेहमी कॅचरच्याच माथी येतो, मग पिचरने कितीही हळू चेंडू टाकलेला असो.

दोन टप्पे खाणाऱ्या फेकींचे कारणही इथेच आहे. होमपासून दुसरा बेस सॉफ्टबॉलमध्ये सुमारे २५.८६ मीटर, तर बेसबॉलमध्ये सुमारे ३८.८० मीटर दूर असतो, म्हणजे बरोबर दीडपट. सॉफ्टबॉलची कॅचर कोपर आखडून, कानाजवळून झटक्यात फेकते, आणि तिथे तेच हवे असते. बेसबॉलच्या अंतराला ही फेक पुरत नाही. तिला आधी पाय शिकवा: उजवा पाय आडवा पुढे, डावा खांदा दुसऱ्या बेसकडे, मग पूर्ण हात. फेकीला अर्धा सेकंद जास्त लागला, तरी सुरुवातीला चालेल. शालेय मुलीकडून सरळ फेकीची अपेक्षाही धरू नका. बेसच्या थोडे अलीकडे मुद्दाम एक टप्पा देऊन नेमकी पोहोचणारी फेक ही उंच तरंगत जाणाऱ्या फेकीपेक्षा लवकर पोहोचते आणि टॅगसाठी योग्य उंचीवर मिळते. दोन टप्पे पडले तर मात्र चेंडूचा वेग मरतो.

एक सूचना आग्रहाने करतो. मुलीच्या हाताची रोजची लांब फेक हळूहळू वाढवा. सॉफ्टबॉलवर घडलेला खांदा एकदम दीडपट अंतरावर पूर्ण जोराने फेकायला लावला, तर दुखापत ठरलेली आहे.

तालुका क्रीडाशिक्षिका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल सरावात ग्लोव्ह खालून वर नेण्याचा प्रयोग केला आणि खालचे चेंडू लगेच जास्त टिकू लागले. आणखी एक अडचण मांडते. आमच्याकडे कॅचरचा मिट (जाड गादीचा खास ग्लोव्ह) एकच आहे आणि तो सॉफ्टबॉलचा आहे. बेसबॉलसाठी वेगळा घेणे खरोखर आवश्यक आहे का? शाळेच्या क्रीडानिधीतून एका वेळी एकच मोठी खरेदी होते. शिवाय जमिनीवर आपटून येणारे चेंडू ती अडवते, पण चेंडू अंगावरून फार दूर उडतो, त्याबद्दलही सांगावे.

उत्तर ३ : प्लेटमागून

प्रामाणिक उत्तर असे की सामन्यांसाठी वेगळा मिट घ्यावा, सरावाला तातडीने नको. सॉफ्टबॉलचा परिघ १२ इंच आणि वजन साधारण १७८ ते १९८ ग्रॅम; बेसबॉलचा परिघ ९ ते सव्वानऊ इंच आणि वजन साधारण १४२ ते १४९ ग्रॅम. सॉफ्टबॉलच्या मिटची पोकळी म्हणूनच रुंद आणि खोल असते. त्यात बेसबॉल अडकतो, पण आत सैल राहतो, आणि फेकायला काढताना बोटांना शिवण सापडत नाही. दुसऱ्या बेसकडची फेक उशिरा होण्याचे हेही एक कारण असू शकते. उलट, बेसबॉलच्या मिटमध्ये सॉफ्टबॉल घेणे त्याहून वाईट, कारण मोठा चेंडू उथळ पोकळीत बसत नाही आणि बाहेर उसळतो. एकच मिट घेऊन दोन्ही खेळ भागवायचेच असतील, तर तो सॉफ्टबॉलचाच असावा.

हाताच्या सुरक्षिततेचे मात्र वेगळे आहे. बेसबॉल हलका असला, तरी त्याचा वेग जास्त असतो, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वर दिलेल्या ६० आणि ९० मैलांच्या वेगांची तुलना केली, तर बेसबॉलची ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट भरते, आणि ती तळहाताच्या लहानशा भागावर आदळते. सॉफ्टबॉलमध्ये तळहातावर चेंडू घेऊन निभावून जाते. बेसबॉलमध्ये तो अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या जाळीतच घ्यायला हवा, नाहीतर अंगठा सुजतो. मोकळा हात ग्लोव्हच्या शेजारी उघडा ठेवण्याची सवय असेल, तर तीही मोडा. फाउल टिप (बॅटला चाटून मागे येणारा चेंडू) बोटांवर बसते. बेसवर कुणी नसताना तो हात पाठीमागे असावा, आणि रनर असताना मूठ वळून, अंगठा आत घालून ग्लोव्हच्या मागे.

आपल्याकडच्या कॅचरमध्ये क्रिकेटच्या यष्टिरक्षणातून आलेली मुलेमुली बरीच असतात. तुमची मुलगी त्यांपैकी असेल, तर टप्पा पडलेल्या चेंडूबद्दलचा प्रश्न लगेच सुटेल. यष्टिरक्षक टप्प्यानंतरचा चेंडू झेलतो, त्यासाठी हात मऊ सोडून मागे नेतो. प्लेटमागे टप्पा पडलेला चेंडू झेलायचाच नसतो, तो अंगावर मारून पुढ्यात पाडायचा असतो. गुडघे आधी टेकावेत, ग्लोव्हने दोन्ही पायांमधली फट बंद करावी, हनुवटी छातीला लावावी, खांदे पुढे वाकवावेत आणि आदळण्याच्या क्षणी श्वास सोडून छाती सैल ठेवावी. छाती ताठ असली की चेंडू दहा फूट उडतो. तुम्ही सांगता ती अडचण बहुधा हीच आहे. सॉफ्टबॉलचा ड्रॉप बॉल (प्लेटजवळ खाली पडणारा चेंडू) पुढच्या दिशेने फिरत येतो आणि टप्प्यानंतर पुढेच झेपावतो, म्हणून शरीर चेंडूसमोर सरळ ठेवले की पुरते. बेसबॉलच्या कर्व्ह आणि स्लायडरला (बाजूला सरकणाऱ्या वेगवान चेंडूला) आडवी फिरकी असते, त्यामुळे टप्प्यानंतर चेंडू बाजूला वळतो. अशा वेळी चेंडू जिकडे पडतो त्या बाजूचा खांदा थोडा पुढे काढून शरीर प्लेटकडे वळवावे लागते.

सॉफ्टबॉल बिघडू नये, या तुमच्या मूळ चिंतेवर माझा उपाय असा की दोन्ही सवयी एकाच सत्रात मिसळू नयेत. बेसबॉलच्या दिवशी फक्त बेसबॉल. सॉफ्टबॉलच्या दिवशी मात्र तुमच्या पिचरला नेहमीपेक्षा जास्त ड्रॉप बॉल टाकायला सांगा, म्हणजे ग्लोव्ह खालून नेण्याची सवय तिथेही मुरेल, आणि सत्राच्या शेवटी राइज बॉलची एक फेरी ठेवा, म्हणजे वरच्या चेंडूचा हात जाणार नाही. राइज बॉलबद्दल एक खुलासा मुलींना अवश्य करा. तो प्लेटजवळ येऊन वर उडी मारत नाही. मागच्या दिशेच्या फिरकीमुळे तो अपेक्षेपेक्षा कमी पडतो, आणि आपला डोळा त्या फरकाला उडी समजतो. हे कळलेली कॅचर चेंडूच्या मागे धावत नाही. आधीच वर जाऊन थांबते.

उत्तर ४ : पंच, पश्चिम महाराष्ट्र

शालेय सामन्यांत दोन्ही खेळांना पंच म्हणून उभा राहतो, म्हणून नियमांच्या बाजूने थोडे लिहितो. वर ग्लोव्हच्या दिशेबद्दल जे सांगितले आहे, त्याला स्ट्राइकच्या पट्ट्याचाही आधार आहे. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये पट्टा बॅटरच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत असतो. बेसबॉलमध्ये तो खांदा आणि पँटची वरची कड यांच्या मध्यापासून सुरू होतो आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्यापर्यंत जातो. म्हणजे बेसबॉलमध्ये पट्टा दोन्ही टोकांना खाली सरकतो. सॉफ्टबॉलच्या सवयीने कॅचर छातीच्या उंचीवर लक्ष्य धरून बसली, तर पिचर तिथेच टाकतो, आणि तो चेंडू मला ‘बॉल’, म्हणजे स्ट्राइक नाही, असा द्यावा लागतो.

तिसरा स्ट्राइक हातात न राहिल्यास बॅटर पहिल्या बेसकडे धावू शकतो, हा नियम दोन्हीकडे आहे: पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट झालेले असतील तर. सॉफ्टबॉलमध्ये ६० फूट, बेसबॉलमध्ये ९० फूट, त्यामुळे सॉफ्टबॉलमध्ये कॅचरला उठून फेकायला वेळ फार कमी मिळतो. पण बेसबॉलमध्ये वेळ आहे म्हणून निवांत चालत जाणाऱ्या कॅचरही मी पाहिल्या आहेत. कॅचरच्या मागे चेंडू अडवणाऱ्या जाळीचेही तसेच. सॉफ्टबॉलमध्ये जाळी होमपासून २५ ते ३० फुटांवर असते, बेसबॉलमध्ये ती ६० फुटांपर्यंत मागे असावी अशी शिफारस आहे. आपल्या बहुतेक मैदानांवर दोन्ही खेळ एकाच जागी होतात आणि जाळी असलीच तर कुठेतरी मध्ये असते. सामन्याच्या सकाळी तुमच्या कॅचरला त्या जाळीवर चेंडू आपटून कसा परततो ते पाहून घ्यायला सांगा, आणि जाळी नसेल, तर तिसऱ्या बेसवर रनर असताना खालचा चेंडू मागू नको, असे पिचरसमक्ष ठरवून घ्या.

साहित्याच्या तपासणीत गळ्याचे संरक्षक नसलेला मुखवटा मी दोन्ही खेळांत परत करतो. नवा मिट घ्यायचा की हे संरक्षक, असा प्रश्न क्रीडानिधीपुढे आला, तर आधी संरक्षक घ्यावे.